नळी गढूळ झाली, पुढे काय?

नंदुरबारच्या सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणीचा विषय निघाला की इथे अमेरिकेतही मराठी मंडळींकडून तेच ऐकू येतं: ‘लोकच पुढे येत नाहीत.’ मला हे मुळीच पटत नाही. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोक तपासायचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. पण तपासल्यानंतरचं काय, हे कोणी पाड्यावर जाऊन विचारलं का?

लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांच्या रक्तदाबावर एक अभ्यास झाला, २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. ५२ सलून, ३१९ गिऱ्हाइकं. काही सलूनमध्ये फार्मासिस्ट येऊन तिथेच औषध सुरू करत. बाकीच्यांत सलूनवाला फक्त ‘डॉक्टरकडे जा’ सांगे. सहा महिन्यांत वरचा आकडा पहिल्यांत सरासरी २७ ने उतरला, दुसऱ्यांत ९ ने. ओळखीचा, भरवशाचा माणूस दोन्हीकडे होता. उपचार मात्र एकाच ठिकाणी दारात आला होता.

आता नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे या. बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी होते. नळी गढूळ झाली, मागच्या रेषा दिसेनाशा झाल्या, की पॉझिटिव्ह. पण ती वाहकाचीही (आई किंवा वडील एकाकडूनच सिकलसेलचा जनुक आलेल्याची) गढूळ होते आणि रुग्णाचीही. कोण काय, हे प्रयोगशाळेतल्या एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या तपासण्यांवरच कळतं. त्यासाठीचा नमुना त्याच दिवशी घेतला नाही, तर रिपोर्ट येईपर्यंत दिवाळी उलटते, कुटुंब गुजरातेत ऊसतोडीला जातं आणि घराला कुलूप लागतं.

म्हणून सिकलसेलवरच्या अभ्यासाचा आराखडा कागदावर उतरण्याआधी पाड्यावर बसा, पावरी-भिलीत बोला. सगळे घरी कधी असतात? भोंगऱ्या बाजार, होळीच्या सुमाराला. रिपोर्ट कोणाच्या हाती द्यायचा? शाळेच्या ओट्यावर नावं वाचून दाखवली तर वाहक मुलीचं लग्न अडतं, आणि ती तर आजारीही नसते. आई-वडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के, हे घरच्यांना निवांत समजावून सांगावं लागतं. बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च द्यायला आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मुभा देतात. मग ते पैसे अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा.

सगळ्यात अवघड गाठ औषधाची आहे. सिकलसेलच्या रुग्णाला दिलं जाणारं हायड्रॉक्सियुरिया रोज घ्यावं लागतं आणि त्यावर असताना रक्तपेशींची मोजणी ठरावीक दिवसांनी करावी लागते. नुसत्या सहा महिन्यांच्या गोळ्या हातात देऊन भागत नाही. तोडीच्या फडाजवळचा दवाखाना कोणता, फडावर सुट्टी कधी मिळते, मुकादम सोडतो का, हे संशोधकाला ठाऊक नसतं. दरवर्षी त्याच फडावर जाणाऱ्या बाईला ठाऊक असतं.