कुऱ्हाड चुलीत घालायला सांगणारा तो मेसेज

"मामा, हे बघितलासा काय?" म्हणून भाच्यानं गेल्या महिन्यात मेसेज पाठवला, मी नुसता अंगठा टाकला आणि कामाला लागलो, चूक माझीच. परवा खानापूरला ताईकडं गेलो तर पोरगं परड्यात उभं, हातात तिच्या सासऱ्यांची जुनी हातकुऱ्हाड, आणि धारेचा एक कोपरा नखाएवढा उडालेला. तुकडा कुठं गेला विचारलं तर म्हणे कानाजवळनं सूं करून गेला. कानाजवळनं! चार बोटं इकडं आला असता तर डोळा गेला होता.

मेसेजचं नाव "जंगलात जाणाऱ्यांसाठी सुरी-कुऱ्हाडीचे ५ गुपित नियम". थोडक्यात सांगतो: पातं जितकं मोठं आणि जाड तितकी सुरी भारी, मोठी सुरी असली की कुऱ्हाड नको, धार टिकत नसेल तर चुलीत लालभडक करून गार पाण्यात टाका म्हणजे डबल टिकते, लोहचुंबक चिकटला नाही तरच अस्सल स्टेनलेस, आणि पातं ९ इंचाच्या आत असलं की कुठल्याही जंगलात बिनधास्त न्या. खाली नेहमीचं, सगळ्या ग्रुपवर पाठवा.

आधी ते चुलीचं. भाच्यानं दांडा काढला, कुऱ्हाड न्हाणीच्या चुलीत निखाऱ्यात खुपसली, टेबल फॅन लावला, लाल झाल्यावर अख्खी बादलीत. वरनं मला सांगतोय, लोहार पण असंच करतोय की मामा. आता इथं अर्धं खरं आहे हे कबूल करावं लागतं. लोहार लाल करतो, पाण्यात घालतो, त्यालाच धारेला पाणी देणं म्हणतात. पण गोष्ट तिथं संपत नाही ना! नुसतं पाण्यात विझवलेलं पोलाद काचेसारखं कडक आणि काचेसारखंच ठिसूळ. लोहार पुढची दोन बोटं धारच तेवढी बुडवतो, मागचा तुंबा, म्हणजे दांडा बसतो तो जाड भाग, तापलेलाच ठेवतो, मग बाहेर काढून धार दगडावर घासून चकचकीत करतो आणि नुसता बघत बसतो. मागची उष्णता पुढं सरकते तसे रंग येतात, आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. पिवळा म्हणजे साधारण २३० डिग्री, निळा ३०० च्या आसपास. कुऱ्हाडीला तपकिरी-जांभळा आला की परत पाण्यात. हा दुसरा भागच मेसेजमधनं गायब आहे आणि कुऱ्हाडीचा जीव त्यातच असतो.

मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला वीस वर्षं काढलीत, म्हणून बॅगेत कानस असतेच. त्या कुऱ्हाडीवर फिरवून बघितली. उडालेल्या कोपऱ्याजवळ कानस काचेवरनं घसरावी तशी घसरली, आणि दुसऱ्या टोकाला खर्रर करून खायला लागली, कारण तिकडं निखारा कमी लागला, लोखंड पुरतं तापलंच नाही, होतं ते पाणी मात्र उतरलं. एकाच धारेचं एक टोक काच आणि दुसरं टोक मेण. असली कुऱ्हाड अकेशियाच्या सुक्या लाकडावर मारली तर तुकडा उडणारच. आणि स्टेनलेसच्या सुरीला तर हा प्रयोग करूच नका, त्या पोलादाला हजार डिग्रीच्या वर तेही मोजून तापवावं लागतं, चुलीत फक्त वाट लागते. हीट ट्रीटमेंटवाले भट्टीला आकडा लावून बसतात ते काय हौस म्हणून?

आता मोठी सुरी. भाच्यानं मेसेज वाचून ऑनलाइन मागवलीच होती, आठ इंची, पाठीला करवतीचे दात, मूठ पोकळ. म्हटलं चल, बघूच. मनगटाएवढं अकेशियाचं लाकूड घेतलं. माझी छोटी कुऱ्हाड, डोकं साधारण सहाशे ग्रॅम, बारा-तेरा घावात आरपार. त्याची सुरी तिसाव्या घावाला अर्ध्यावर आणि पोराचा हात मुंग्या आल्यासारखा झालेला. साधी गोष्ट आहे, कुऱ्हाडीचं वजन दांड्याच्या टोकाला असतं, सुरीचं बरंचसं मुठीत. मग आग पेटवायला बारीक ढलप्या काढायच्या म्हटलं तर ती जाड सुरी लाकडावरनं नुसती सटकत होती. माझ्याकडं स्वीडनची साधी मोरा आहे, पातं जेमतेम ४ इंच, जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास, प्लॅस्टिकची मूठ, दिसायला खेळणं. तिनं कुरळ्या ढलप्या अशा निघाल्या की ताई म्हणाली, ह्या बंबाला ठेवा.

एक मान्य, सुरीच्या पाठीवर दांडकं मारून लाकूड फोडायचं असेल तर जाड पातं आणि मुठीच्या शेवटपर्यंत गेलेलं लोखंड बरं पडतं. पण भाच्याच्या सुरीत नेमकं तेच नाही, मूठ पोकळ! आणि खरं सांगू, परड्यातल्या कामाला आपला कोयता ह्या दोघांच्या तोंडात मारतो.

लोहचुंबकाचं उलटं आहे. चुंबक सहसा चिकटत नाही तो जेवणाच्या ताटा-वाट्यांच्या स्टेनलेसला, सुरीच्या स्टेनलेसला चिकटतोच. बास.

शेवटचा नियम मात्र पोरांना थेट चौकीवर नेऊन बसवणारा. ९ इंच हा आकडा हवेतला नाही, तो शस्त्र नियम, २०१६ मध्ये आहे, सोबत २ इंच रुंदीचाही आहे, पण तो शस्त्राच्या लायसनच्या संदर्भात. जंगलाचा कायदा वेगळा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, कलम ३१: लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन जायचं नाही. आणि हत्यार म्हणजे काय ह्याच्या व्याख्येत बंदूक, फासे, जाळी ह्यांच्या रांगेत चाकू नाव घेऊन लिहिलाय. किती इंची ते नाही, चाकू एवढंच. आपल्या खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, आणि मेसेजमध्ये खाली फोटो कसला, तर भीमगडचा! चौकीवरचा बोर्ड कन्नडात आहे, वाचता आला नाही म्हणायची पण सोय नाही, हायस्कूलला शिकलाय सगळे.

कुऱ्हाड आता लोहाराकडं दिलीय. उडालेल्या भागापर्यंत शेवटून, म्हणजे तापवून ठोकून धार काढून, नव्यानं पाणी देऊन देतो म्हणाला, धार बोटभर मागं जाईल. दांडा भाच्यानं चुलीतच घातला होता, तो नवा करायचाय, पैसे त्याच्याकडनं.