बंद करताना स्क्रीनवर पट्ट्या येतात? कारण सापडू नये म्हणून एवढं कराच

काँप्युटर दिवसभर मस्त चालतोय, टॅली चालतंय, यूट्यूब चालतंय, पोरगं गेम खेळतंय, कुणाची काय तक्रार नाही. आणि रात्री शट डाऊन म्हटलं की शेवटच्या दोन सेकंदात स्क्रीनवर आडव्या जांभळ्या-हिरव्या पट्ट्या, मधेच चौकोन चौकोन, एक झटका आणि मग काळं. निघालेला पाव्हणा दारात चप्पल घालता घालता मूळ विषयाला हात घालतो ना, तसलं दुखणं. दिवसभर गप्प, जाताना कायतरी बोलून जाणार.

तर अभिनंदन. आता दिवाळीपर्यंत तुमचा वेळ बरा जाणार आहे, फक्त एक पथ्य पाळायचं. पट्ट्या गेल्या तरी चालतील, राहिल्या तरी चालतील, पण त्या का येत होत्या हे कुणाला कळता कामा नये. कारण कळलं की विषय संपला, आणि सांगलीत विषय संपवून घरी जायची पद्धत नाही.

सुरुवात फॅमिली ग्रुपवरनं करायची. तिथं "स्क्रीनशॉट पाठव" असं कुणीतरी म्हणणारच, शक्यतो बँकेतनं रिटायर झालेले मामा. जो काँप्युटर बंद होतोय, ज्यानं कीबोर्डचं ऐकायचं सोडलंय, त्याचा स्क्रीनशॉट काढायचा कसा, हे मामांना विचारू नका, वडीलधारे आहेत. मोबाईलनं व्हिडिओ काढा. मोबाईलचा कॅमेरा अख्खं चित्र एका दमात टिपत नाही, ओळीओळीनं टिपत जातो, आणि मॉनिटरचं चित्र साधारण सेकंदाला साठ वेळा ताजं होत असतं, दोघांचा ताल जुळला नाही की व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात, जे तुमच्या डोळ्याला कधी दिसलेच नव्हते. बेस्ट. आता दोन दुखणी झाली, एक काँप्युटरचं आणि एक व्हिडिओचं, दोन्ही एकाच खात्यावर मांडा आणि ग्रुपवर टाका. "आधी हे काळे नव्हते ना?" असं कुणी विचारलं तर "वाढत चाललंय" म्हणायचं.

मग निदान. सांगलीत कुठल्याही वस्तूचं निदान महापुरापासनं सुरू होतं. "२०१९ ला पाणी आलतं तवा ह्यो सीपीयू कुठं होता?" हा पहिला प्रश्न. माळ्यावर होता म्हटलं तर "मग दमट हवा लागली". विश्रामबागला मावशीकडं तिसऱ्या मजल्यावर ठेवला होता म्हटलं तर "मग नेता-आणताना आपटला". आणि पुरानंतर घेतलाय म्हटलं तर दुकानातला माल पुरातला होता, संपलं. २००५, २०१९, २०२१ अशी तीन तीन वर्षं हाताशी असताना जो माणूस ग्राफिक ड्रायव्हरचं (स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या कार्डाला विंडोजचं म्हणणं समजावून सांगणारा प्रोग्रॅम) नाव काढतो तो इथला नाही असं खुशाल समजा.

त्यानंतर रॅम, म्हणजे मशीनची चालू कामापुरती मेमरी. इथं पोराच्या कंपासपेटीतला खोडरबर लागतो. रॅमची पट्टी काढायची, सोनेरी टोकं घासायची, स्लॉटमधे फुंकर मारायची (फुंकरीबरोबर जे काय उडतं ते पण आत जाऊ दे), परत खोचायची. आता मी खोडरबराची उगाच चेष्टा करत नाही, ज्या मशीनला वेगळं ग्राफिक कार्ड नसतं तिथं डिस्प्ले पण ह्याच रॅममधनं आपला वाटा घेतो, त्यामुळं रॅम खराब असली तर चित्रात घाण येऊ शकते. पण मग ती दिवसभरात कधीही येईल, मशीन मधेच अडकेल, निळी स्क्रीन येईल. रॅमला काय ठाऊक की साडेदहा वाजले, आता हे लोक बंद करायलेत? असा मुद्दा कुणी मांडलाच तर त्याला चहा सांगायला खाली पाठवा.

केबलला मात्र हात लावायचा नाही. ती बघायला मिनिटभर लागतं आणि पैसे पडत नाहीत, म्हणजे त्यात काय दम नाही. जुन्या मॉनिटरला ती निळ्या टोकाची व्हीजीए असते, पंधरा पिनांची, १९८७ पासनं चालत आलेली, त्यातल्या पहिल्या तीन पिना म्हणजे लाल, हिरवा आणि निळा. तिसरी ढिली झाली की निळा जातो, लाल आणि हिरवा मागं राहतात, दोघांचा मिळून पिवळा होतो आणि अख्खी स्क्रीन पिवळीजर्द. मार्केट यार्डात असं झालं की आत हळदीची धूळ बसली म्हणतात आणि ब्लोअर मारतात. ब्लोअर मारताना टेबल हलतं, टेबल हलल्यावर केबल नीट बसते, स्क्रीन पांढरी होते आणि हळदीवर गुन्हा दाखल होतो. कारण न शोधता गुण येणं ह्याला म्हणतात, शिकण्यासारखं आहे. केबलच्या दोन्ही बाजूचे ते स्क्रू पिळायचे नाहीत, ते शोभेला दिलेत.

मॉनिटरच्या खालचं मेनूचं बटण पण टाळा. पट्ट्या असताना ते दाबलं आणि मॉनिटरची स्वतःची मेनूची चौकट स्वच्छ आली, तर मॉनिटर चांगला आहे, घाण मागनं येतेय. चौकटीवर पण पट्ट्या दिसल्या तर मॉनिटरच गेलाय. नशिबानं दोन सेकंदात बोट तिथवर पोचत नाही, ही गोष्ट तुमच्या बाजूनं आहे. अजून एक सापळा सकाळी असतो. चालू करताना विंडोज यायच्या आधी कंपनीचं नाव झळकतं, त्या वेळी विंडोजमधला ड्रायव्हर अजून उठलेलाच नसतो, त्यामुळं तिथं पण पट्ट्या दिसल्या तर दोष कार्ड, केबल नाहीतर मॉनिटरचा, आणि तिथं चित्र साफ असेल तर संशय ड्रायव्हरवर. एवढ्या एका नजरेत निम्मे आरोपी सुटतात. म्हणून बटण दाबलं की लगेच देवापुढं उदबत्ती लावायला जायचं, विंडोजचा आवाज आल्यावरच परत यायचं.

आता सगळ्यांचा लाडका उपाय, बंद करून परत चालू करा. हा बिनधास्त करा, कितीही वेळा करा, त्यानं काही कळायची भीती नाही. २०१२ ला विंडोज ८ आलं तेव्हापासनं त्यात फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे आणि बऱ्याच मशीनवर ती आपोआप चालू असते. तुम्ही शट डाऊन म्हणता तेव्हा तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, लॉगआउट होतं, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसे होते तसे उचलून डिस्कवर एका फाईलीत लिहून ठेवतात, आणि सकाळी तेच उचलून परत मेमरीत. म्हणजे बिघडलेला ड्रायव्हर रात्री बिघडलेला झोपतो आणि सकाळी बिघडलेलाच उठतो, आणि तुम्ही ऑफिसात सांगत फिरता की रोज बंद करून चालू करतोय तरी काय फरक नाही. रीस्टार्ट केलं तर मात्र खरंच सगळं सोडून नव्यानं सुरू होतं. म्हणून रीस्टार्ट करायचं नाही. टास्क मॅनेजरमधे परफॉर्मन्सखाली सीपीयूत अप टाइम, म्हणजे मशीन किती वेळ सलग जागं आहे ते, लिहिलेला असतो, रोज रात्री "बंद" करणाऱ्या माणसानं तो वाचला तर त्याची झोप उडेल, मशीन कितीतरी दिवस जागंच दिसतंय. आणि शिफ्ट दाबून धरून शट डाऊनवर क्लिक केलं तर तेवढ्या वेळेपुरतं पूर्ण बंद होतं, त्या वेळी पट्ट्या आल्या नाहीत तर भानगड ह्या अर्ध्या झोपेतच आहे हे उघड. शिफ्टपासनं बोट लांब ठेवा. कंट्रोल पॅनेलमधे पॉवर ऑप्शन्समधे ह्या सोयीची टिक कायमची काढता पण येते, पण ती टिक करड्या रंगात झोपलेली असते, वरच्या एका ओळीवर क्लिक केल्याशिवाय उठत नाही, आणि वरची ओळ आपण वाचत नाही. त्यामुळं काळजी नको.

(जुन्या लोकांना आठवत असेल, विंडोज ९५ च्या काळात शट डाऊन केलं की काळ्या स्क्रीनवर केशरी अक्षरांत, आता बंद करायला हरकत नाही अशा अर्थाचं वाक्य यायचं आणि खटका आपण आपल्या हातानं पाडायचो. मग एटीएक्स पॉवर सप्लाय आले आणि वीज तोडायचं काम पण विंडोजच करायला लागलं. शेवटच्या दोन सेकंदात आत काय चालतं ते तेव्हापासनं आपण बघितलंच नाही. ड्रायव्हर स्क्रीन सोडतो, कार्डाचा मोड बदलतो, सिग्नल तुटतो, आणि मधल्या झटक्यात मॉनिटरला जे काय अर्धंमुर्धं मिळतं ते तो दाखवून टाकतो. पुष्कळदा एवढंच असतंय, त्यानं काय मशीन मरत नाही. पण हे मोठ्यानं बोलू नका, वातावरण बिघडतं.)

भाच्यापासनं जपून. वालचंदला इंजिनिअरिंगला असलेला भाचा शनिवारी जेवायला आला की आल्या आल्या मशीनला चिकटतो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबतो, स्क्रीन क्षणभर काळी होते, बीप वाजतं, म्हणतो ग्राफिक ड्रायव्हर रीसेट केला. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून ४१०१ नंबरची नोंद शोधतो, जिच्यात डिस्प्ले ड्रायव्हर अडकला आणि परत सावरला असं साध्या इंग्रजीत लिहिलेलं असतं, आणि वर सांगतो की कार्डानं दोन सेकंदात उत्तर दिलं नाही की विंडोज स्वतःच ड्रायव्हर झटकून उठवतं. म्हणजे काँप्युटर एवढे दिवस रोज डायरी लिहीत होता आणि आपण खोडरबर शोधत होतो. हे ऐकलं की घरातला मूड जातो. "पुढं काय करायचं ते सांगतो मामा" म्हणायच्या आत त्याच्या हातात भडंगाची पिशवी द्या, आईनं मागितलंय म्हणून सांगा आणि गाडीला किक मारून द्या.

आणि मग ज्याची आपण सगळे वाट बघत होतो तो माणूस येतो. मशीन चालू करायच्या आधीच सांगतो, "व्हायरस हाय दादा. फॉरमॅट मारू." ह्या माणसाला अडवू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा असलं काय सुचवू नका, तो विंडोज नवीन टाकेल, केबल बदलेल, थर्मल पेस्ट लावेल, खंडेनवमीच्या हारातली वाळलेली झेंडूची पाकळी पंख्यातनं काढून तुम्हाला दाखवेल, सगळं एका बैठकीत, आणि शट डाऊन केल्यावर पट्ट्या गायब. टाळ्या. खरं म्हणजे नवीन विंडोज बऱ्याचदा आधी मायक्रोसॉफ्टच्या साध्या बेसिक ड्रायव्हरवर चालतं, अक्षरं मोठी मोठी दिसतात, खऱ्या कार्डाचा ड्रायव्हर अजून आलेलाच नसतो, त्यामुळं बंद होताना गोंधळ घालायला कुणी जागेवर नसतं. मग नेट लावलं की अपडेट गुपचूप तो ड्रायव्हर आणून बसवतं आणि पट्ट्या परत हजर. फोन केला की "पेनड्राइव्हमधनं परत आला व्हायरस". पेनड्राइव्ह आणला होता मामांनी. हे नातं पुढं कसं सांभाळायचं ते तुमचं तुम्ही बघा.

फॉरमॅटचा अजून एक फायदा. पट्ट्यांचं दुःख कुणाला राहत नाही, कारण श्रीलिपीचे, म्हणजे मराठी टायपिंगचे, फाँट गेलेले असतात आणि ऑर्डरच्या सगळ्या लग्नपत्रिका उघडल्या की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चुराडा दिसतो. टॅलीचा डेटा सी ड्राइव्हला होता का डी ला, ह्यावर दोघं भाऊ आठवडाभर बोलत नाहीत.

एवढ्यावर पण भागलं नाही तर बंदच करू नका. बंद करताना त्रास होतो ना, मग बंद कशाला करायचं, साधं गणित आहे. मग कधीतरी लाईट जाईल, यूपीएसची बॅटरी कधीच गेलेली आहे, मशीन फट्दिशी बंद पडेल, आणि घरातलं कुणीतरी ओरडेल की बघा, लाईट गेल्यावर एक पण पट्टी आली नाही! येणार कुठनं, ड्रायव्हरला निरोप घ्यायला वेळच मिळाला नाही. पण एवढा मोठा शोध लागल्यावर तो वाया घालवायचा नसतो. त्या दिवसापासनं मशीन बोर्डावरच्या बटणानं बंद करायची. सकाळी विंडोज डिस्क तपासत बसेल, इव्हेंट व्ह्यूअरमधे ४१ नंबरची ओळ पडेल की बाबांनो, मला नीट बंद केलेलं नाही. ती वाचणारा एकच माणूस होता, त्याला आपण भडंग देऊन पाठवलाय.

आणि शेवटी, हार्डडिस्क कुरकुरायला लागायच्या आत, नवीन मॉनिटर घ्या. मोठा, एचडीएमआयवाला, बिल नीट जपून ठेवा. पहिल्याच रात्री शट डाऊन केलं की त्याच पट्ट्या येतील, पडदा मोठा असल्यामुळं जरा ठळक येतील. जुना मॉनिटर कुपवाडला मेव्हण्याला द्या, म्हणजे तिथं तो त्याच्या मशीनला लावेल आणि एक पण पट्टी न येता छान चालेल. तिकडं चहाला गेलात आणि मेव्हण्यानं तुमच्या डोळ्यादेखत काँप्युटर बंद करून दाखवला, तर चेहरा सरळ ठेवायचा, बशीत चहा ओतायचा आणि म्हणायचं, "तुमच्याकडं व्होल्टेज चांगलं येतंय, दाजी."