३४०बी म्हणजे घोटाळा म्हणे! अहो, आधी वाचा तरी

मागच्या रविवारी मावशीचा फोन आला, "अगं, त्या क्लिनिकचं इन्सुलिन बंद करू का मी?" मी उडालेच. मावशी ग्रीनकार्डवर मुलाकडे न्यू जर्सीला येऊन वर्ष झालंय, पासष्टी उलटली असली तरी पाच वर्षं होईपर्यंत तिला मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, नाही, सध्या इन्शुरन्सही नाही, म्हणून ती कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये उत्पन्नाप्रमाणे फी भरून औषधं घेते. आणि ३४०बी या अमेरिकेतल्या औषध-सवलतीच्या कायद्याबद्दल मंडळाच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज वाचून बाईंनी आठ दिवस डोस पुरवून पुरवून घेतला होता. डायबेटिस असताना!

मेसेज तुम्हालाही आला असेलच. थोडक्यात असा: "३४०बी ही ओबामाने काढलेली फुकट औषधांची योजना. तुमच्या टॅक्सच्या पैशातून हॉस्पिटलं १ सेंटला औषध घेतात आणि हजारोंना विकतात. जो पेशंट ते घेतो त्याचं नाव सरकारी यादीत जातं, पुढे सिटिझनशिप अडते. सुप्रीम कोर्टाने चोरी पकडली आहे. योजना बंद झाली की सगळ्यांची औषधं निम्म्या किमतीत. जागे व्हा, पुढे पाठवा."

यादीचं आधी, कारण त्यानेच मावशी घाबरली. ३४०बी मध्ये पेशंट नोंदवतच नाहीत. नोंदणी होते ती हॉस्पिटलची आणि क्लिनिकची. हा इन्शुरन्स नाही, भत्ता नाही, पेशंटने अर्ज करून मिळवायची मदतही नाही. कंपनीने कोणाला किती भावापर्यंत औषध विकायचं एवढाच हा नियम आहे, बहुतेक पेशंटना आपल्या औषधाच्या मागे असं काही आहे हे कळतही नाही. मावशीने उत्पन्नाचा फॉर्म भरला तो क्लिनिकच्या फीसाठी.

आता टॅक्सचा पैसा. ही सूट देतं कोण? औषध कंपनी. मेडिकेडमध्ये, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्यात, आमची औषधं चालली पाहिजेत असं कंपनीला वाटत असेल तर तिने गरीब पेशंट जास्त बघणाऱ्या हॉस्पिटलांना आणि क्लिनिकना ओपीडीची औषधं ठरलेल्या कमाल भावाच्या आत विकायची, असा सौदा आहे. सरकार यात हॉस्पिटलला चेक लिहीत नाही. आणि नफ्यासाठी चालणारी हॉस्पिटलं यात बसतच नाहीत.

ओबामा? कायदा १९९२ चा, सही थोरल्या बुश यांची. १९९० मध्ये मेडिकेडसाठी नियम आला की कंपनी दुसऱ्या कोणाला सर्वात कमी जो भाव देते तो हिशेबात धरून मेडिकेडला सूट द्यायची. झालं, धर्मादाय दवाखान्यांना कंपन्या आपणहून जी सवलत देत होत्या ती त्यांनी आखडती घेतली, ती भरून काढायला ३४०बी आलं. २०१० च्या ओबामांच्या कायद्याने खेड्यातली छोटी हॉस्पिटलं वगैरे त्यात वाढवली, तेवढं खरं.

१ सेंटचा मुद्दा मला सगळ्यात भारी वाटतो, कारण तो खरा आहे आणि मेसेज लिहिणाऱ्याला तो खरा का आहे हेच माहीत नाही. ब्रँडेड औषधावर किमान २३.१ टक्के सूट असते. त्याच्यावर, कंपनीने महागाईपेक्षा जास्त वेगाने किंमत वाढवली तर ती जास्तीची वाढही सुटीत जाते. नुसतं समजण्यापुरतं उदाहरण घ्या: औषध बाजारात आलं तेव्हा १०० डॉलर, महागाईप्रमाणे आज १५० व्हायला हवं, कंपनी विकतेय ७०० ला. जास्तीची वाढ ५५०, वर ७०० चे २३.१ टक्के म्हणजे १६१.७०, एकूण सूट ७११.७०. किमतीपेक्षा सूटच जास्त! मग भाव शून्याखाली कसा न्यायचा, म्हणून १ सेंट. म्हणजे हा १ सेंट दिसला की समजायचं, कंपनीने किंमत वाट्टेल तशी चढवलीय. तीच कंपनी ७०० ऐवजी ४०० ला विकत असती तर हॉस्पिटलला तेच औषध ५७.६० डॉलरला पडलं असतं. चोर कोण ते आता ग्रुपवर सांगा, काका.

सुप्रीम कोर्टाचं तर सरळ उलटं लिहिलंय. २०१८ पासून मेडिकेअरने या हॉस्पिटलांना औषधांचे पैसे कमी द्यायला सुरुवात केली, सरासरी विक्री किंमत अधिक ६ टक्के मिळायचे ते उणे २२.५ टक्के केले. हॉस्पिटलं कोर्टात गेली. १५ जून २०२२ ला निकाल लागला, नऊ विरुद्ध शून्य, लिहिला जस्टिस कॅव्हनॉ यांनी, म्हणजे ट्रम्प यांनीच नेमलेले, त्यामुळे पक्षाचं राजकारण म्हणायचीही सोय नाही. कोर्ट म्हणालं, हॉस्पिटलांना औषध खरंच केवढ्याला पडतं याची पाहणी न करता फक्त याच गटाचे दर असे कापता येणार नाहीत. ही हॉस्पिटलं गरीब आणि ग्रामीण वस्तीत मोलाचं काम करतात हेही निकालात आहे. मग सरकारला सुमारे ९ अब्ज डॉलर त्यांना चुकते करायला लागले. कोर्टाने चोरी पकडली म्हणे! निकाल ऑनलाइन फुकट आहे, फार मोठाही नाही.

बरं, एक कबूल करते, नाइलाजाने. हॉस्पिटल स्वस्तात औषध घेतं, इन्शुरन्सवाल्या पेशंटच्या इन्शुरन्सकडून नेहमीचे पैसे घेतं, मधला फरक त्याच्याकडे राहतो, आणि त्यातून बिनविम्याचे पेशंट, रात्रीची इमर्जन्सी, तोट्यातले विभाग चालवायचे ही कल्पना. पण तो फरक नेमका कुठे खर्च करायचा हे कायदा हॉस्पिटलला सांगत नाही. सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्ये विचारलं तेव्हा ५५ पैकी ३० संस्थांनीच सांगितलं की आमच्याशी करार असलेल्या बाहेरच्या काही किंवा सगळ्या फार्मसीत आम्ही गरीब, बिनविम्याच्या पेशंटला सवलत देतो. बाकीच्यांचं काय? हा प्रश्न रास्तच आहे, हिशेब मागाच. मावशीच्या सेंटरसारख्या ठिकाणी मात्र फेडरल ग्रँटच्या अटीमुळे असे पैसे सेंटरच्याच कामाला लावावे लागतात, त्यामुळे तिच्या इन्सुलिनवर राग काढू नका.

राहिलं "योजना बंद, किंमत निम्मी". छापील किंमत कंपनी ठरवते, उद्या सूट द्यायची बंद झाली तर ते पैसे कंपनीकडेच राहतील, तुमच्या बिलात कशाला येतील? २०२० पासून बऱ्याच कंपन्यांनी बाहेरच्या फार्मसीतून मिळणाऱ्या या सुटीवर बंधनं घातलीच आहेत, कोणाचं बिल निम्मं झालं ते दाखवा.

मावशीला मंगळवारी मी स्वतः क्लिनिकमध्ये घेऊन जाणारे. डोस पूर्ववत केलाय, पण शुगर अजून वरच आहे.