‘कविता’ या शब्दाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी घोडीवरून उतरल्यावर पुन्हा वाचली. रात्रीच उत्तर द्यायला बसलो असतो तर नको ते बोलून गेलो असतो.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. माझ्या साडेचार वर्षांच्या घोडीचा ट्रॉट, म्हणजे दुडकी चाल, पहिल्यांदा मऊ लागला, त्या दिवसाबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की घोडी मऊ नाही, सुस्त आहे. या वयात तिच्याकडून ड्रेसाजची, म्हणजे घोड्याला शिकवलेल्या नेमक्या, तालबद्ध चालींची, अपेक्षा करणंच चूक. आणि ‘खोगिरावर बसून काय वाटलं हा पुरावा नव्हे, ती कविता झाली. व्हिडिओ दाखवा.’

आधी माझी चूक. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापलीकडे पडतो, हे मी ट्रॉटबद्दल लिहिलं. ते पाहिलं होतं वॉकमध्ये, म्हणजे संथ पावली चालीत. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ‘कविता’. पटलं नाही तर ‘पटलं नाही’ एवढंच लिहिता येतं. भल्या पहाटे तबेल्यात जाऊन स्वतःच्या हाताने खरारा करणाऱ्या माणसाला चार ओळींत स्वप्नाळू ठरवायचं, याला टीका म्हणत नाहीत. तुम्ही माझ्या घोडीला पाहिलेलंही नाही, तरी ‘सुस्त’ लिहून मोकळे झालात.

खोगिरावर जे जाणवतं त्यामागे घोड्याचं शरीर आहे. घोड्याला गळ्याजवळचं आडवं हाड नसतं. छातीचा पिंजरा पुढच्या दोन पायांमध्ये नुसत्या स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो. कोवळ्या घोड्यावर माणूस बसला की ही झोळी खाली येते, पाठ दबते, आणि ट्रॉटच्या दर ठोक्याला स्वाराच्या कमरेत दणका बसतो. कित्येक महिने मी तो दणका खाल्ला आहे. मग एके दिवशी त्याच घोडीवर खोगीर मांडीखाली भरून येतं, पाठ वर येऊन तुम्हाला उचलते आणि पुन्हा अलगद खाली ठेवते. मांड आवळावी लागत नाही. लगामात वजन असतं, पण ओढ नसते. लहान मुलाने बोट धरावं तेवढंच. हे मला ‘वाटलं’ नाही. हे माझ्या कण्याला कळलं.

आणि सुस्त घोडा कसा ओळखावा हेही सांगतो. वीस मीटरच्या वर्तुळावर ट्रॉट करताना लगाम बोटांतून हळूहळू सरकू द्या. सुस्त घोडा दोन-चार पावलांत वॉकवर येतो. दडपून ठेवलेला घोडा एकतर पळत सुटतो, नाहीतर लगाम सुटल्यावरही मान छातीशी गुंडाळूनच चालतो. माझी घोडी नाक पुढे काढते, बिटाच्या (लगामाच्या तोंडातल्या दांडीच्या) मागोमाग मान लांबवत खाली नेते, आणि ठेका तोच राहतो. एक-दोन, एक-दोन. मग फुरफुरते. शेपटी दोन्ही बाजूंना सारखी झुलते. प्रशिक्षणाच्या पायऱ्यांत आधी ठेका, मग सैलपणा, मग बिटाशी संपर्क; जोर, सरळपणा आणि एकवटलेली चाल (कलेक्शन) त्यानंतर. म्हणजे मऊपणा दुसऱ्या पायरीवर येतो. हा क्रम मी ठरवलेला नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या टोकाला होतो. ज्यांच्याकडे शिकत होतो त्यांनी तंगापासून (खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्यापासून) बिटातून हातात येणारा जादा लगाम बांधून मान गोल करायला शिकवलं. बाहेरून चित्र सुंदर दिसायचं. हातात वजन शून्य, आणि मला वाटायचं, केवढा हलका घोडा! तो हलका नव्हता, बिटापासून पळत होता. सहा महिन्यांत खोगीर दिसलं की तो कान मागे टाकून पाठ चोरायला लागला. त्याला पुन्हा सरळ चालता करायला दीड वर्ष गेलं, त्यातलं बरंचसं नुसतं हाताने फिरवण्यात.

‘बघा, तुमचं जाणवणं तेव्हाही फसलं,’ असं तुम्ही म्हणाल. नाही. तेव्हा मी फक्त हाताचं ऐकत होतो, पाठीचं ऐकायला मला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि व्हिडिओचं म्हणाल, तर त्या घोड्याचे व्हिडिओ सगळ्यांना आवडायचे.

वयाबद्दल: आठवड्यातून तीन दिवस, वीस-वीस मिनिटं, त्यातली अर्धी वॉकमध्ये. एकवटलेली चाल मी तिच्याकडे मागितलेली नाही. नाकपट्टीबद्दल आणि माझ्या बसण्याबद्दल जे लिहिलंत, त्यात शिरत नाही.

व्हिडिओ टाकीन, घोडी तयार होईल तेव्हा. तुम्ही म्हणालात म्हणून नाही. तोवर ‘सुस्त’ हा शब्द मागे घेतलात तर बरं वाटेल. माझ्याबद्दलचा ‘कविता’ राहू द्या, पण ‘सुस्त’ तिच्याबद्दलचा आहे.