‘डोळ्यात इंजेक्शन घेऊ नका’ या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आला. तुमच्याकडेही आला असेल, थोड्याफार फरकाने सगळीकडे तोच फिरतोय. त्यात म्हटलंय की शुगरवाल्यांनी डोळ्यात इंजेक्शन अजिबात घेऊ नका, माणूस आंधळा होतो, लेझरने डोळ्याचा पडदा (रेटिना) जळतो, एकदा सुरू केलं की आयुष्यभर सुटका नाही, शुगर कंट्रोलमध्ये असेल आणि नीट दिसत असेल तर पडद्याला काही होत नाही, आणि झालंच तर गाजराचा रस प्या, त्रिफळाच्या पाण्याने डोळे धुवा, 3 महिन्यांत पडदा पहिल्यासारखा.

मी डॉक्टर नाही. पण आईला घेऊन 6 वर्षं रेटिनाच्या ओपीडीत बसतेय, आणि हाच मेसेज वाचून माझ्या काकांनी दुसरं इंजेक्शन घ्यायचं टाळलं, त्यामुळे याला उत्तर द्यायलाच हवं.

सगळ्यात आधी ‘नीट दिसतंय म्हणजे पडदा ठीक’ हे घेते, कारण खरं नुकसान इथेच होतं. काका मला हेच म्हणाले होते, ‘अगं, मला पेपर दिसतोय, स्कूटर चालवतोय, कशाला सुया टोचून घेऊ?’ पडदा असतो डोळ्याच्या पार मागे, त्यावर केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्या. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की त्यांच्या भिंती कमकुवत होतात, बारीक फुगे येतात, त्यातून पाणी झिरपून पडद्याला सूज येते, काही वाहिन्या बंदच पडतात. मग पडद्याच्या त्या भागाला ऑक्सिजन मिळेना झाला की तो व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडतो, त्याने नवीन वाहिन्या फुटतात, पण त्या इतक्या नाजूक की कधीही फुटून डोळ्यात रक्त सांडू शकतं. या सगळ्यात दुखत काहीच नाही. आणि पडद्याचा मधला भाग, ज्याला मॅक्युला म्हणतात, तो शाबूत आहे तोपर्यंत माणूस तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचतो! भारतात 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत 40 च्या पुढच्या, शुगर असलेल्या लोकांमध्ये साधारण 8 जणांमागे एकाच्या पडद्यावर परिणाम दिसला होता, आणि 100 पैकी 4 जणांची नजर जायच्या धोक्यात होती. यातले कितीतरी जण पेपर वाचतच असणार. म्हणून टाइप 2 वाल्यांनी शुगर निघाली त्याच वर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासायचा आणि मग दरवर्षी, डॉक्टर सांगतील तर त्याहून लवकर. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असं होत नाही, आमच्याकडे 10 वर्षं हाच गैरसमज होता.

घरी एक करता येतं. एक डोळा हाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी बघायच्या, मग दुसरा झाकून. रेघा वाकड्या दिसल्या, मधली एखादी तारीखच गायब वाटली तर लगेच दाखवायचं. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर चांगला डोळा वाईट डोळ्याचं झाकून टाकतो आणि कळतच नाही, आईचं तेच झालं होतं. पण हे वार्षिक तपासणीच्या ऐवजी नाही हां, सोबत.

‘शुगर कंट्रोल असेल तर काही होत नाही’ हे अर्धं खरं आहे. 1993 साली अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी अभ्यासाने दाखवलं की टाइप 1 मध्ये शुगर कडक सांभाळली तर पडद्याचा आजार सुरू व्हायचा धोका 76 टक्क्यांनी कमी होतो. खूप मोठी गोष्ट आहे ही. पण कमी होतो म्हणजे संपत नाही. शुगर किती वर्षांची आहे, बीपी किती, किडनी कशी, प्रेग्नन्सी आहे का, या सगळ्याचा हिशोब असतो. ब्रिटनच्या 1998 च्या अभ्यासात नुसतं बीपी नीट ठेवल्यानेही पडदा बिघडायचा वेग बराच कमी झाला होता, आणि आपल्याकडे बीपीची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडणारे घराघरात आहेत. आणखी एक, खूप वर्षं चढलेली शुगर एकदम झपाट्याने खाली आणली तर काहींचा पडदा काही काळ जास्त बिघडतो, म्हणून इन्सुलिन नव्याने सुरू होत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना जरूर सांगा.

आता इंजेक्शन. भीती मला समजते, डोळ्यात सुई म्हटलं की माझ्याही पोटात गोळा आला होता. होतं काय ते सांगते. आधी डोळा बधिर करायचे ड्रॉप, मग बिटाडिनसारखं तपकिरी औषध घालून स्वच्छ करतात (आईला सगळ्यात जास्त तेच झोंबतं), पापण्या मिटू नयेत म्हणून क्लिप, आणि बुबुळापासून साधारण 4 मिलिमीटरवर पांढऱ्या भागातून अगदी बारीक सुई. औषध किती तर 0.05 मिली, म्हणजे एखादा थेंब. काही सेकंदांचं काम. दुसऱ्या दिवशी पांढऱ्यात लाल डाग, कधी डोळ्यासमोर काळे बुडबुडे, ते जातात. हे औषध त्या व्हीईजीएफलाच अडवतं, म्हणून सूज उतरते आणि नाजूक वाहिन्या सुकतात.

धोका आहे का? आहे, मी लपवणार नाही. डोळ्याच्या आत इन्फेक्शन होऊ शकतं, साधारण 2000 ते 3000 इंजेक्शनांमागे एक. त्यात नजर जाऊही शकते. म्हणून पहिल्या आठवड्यात डोळा दुखायला लागला, लाली वाढली, दिसायचं कमी झालं तर त्याच दिवशी, रविवार असला तरी, दवाखाना गाठायचा. जानेवारी 2016 मध्ये गुजरातमध्ये काही पेशंटना त्रास झाल्यावर औषध नियंत्रकांनी बेव्हॅसिझुमॅबचा (या इंजेक्शनातल्या एका स्वस्त औषधाचा) डोळ्यातला वापर थांबवायला सांगितलं होतं आणि मार्चमध्ये ती बंदी उठवली. पण उपचार न घेता नवीन वाहिन्या वाढू दिल्या तर डोळा जायची शक्यता या आकड्याच्या कितीतरी पट आहे, ते मेसेजमध्ये कुठेच नाही.

आणि ‘अमक्याने इंजेक्शन घेतलं आणि आंधळा झाला’ हे ऐकलं की एकच विचारा, त्याचा डोळा गेला कधी? काकांना एका इंजेक्शननंतर बरं दिसायला लागलं, मेसेज वाचून दुसरं घेतलं नाही, 5 महिन्यांनी एका सकाळी ते चष्मा पुसत बसले होते, पुसतायत, परत पुसतायत, म्हणे काचेवर जाळं आलंय. जाळं काचेवर नव्हतं, डोळ्यात रक्त उतरलं होतं. संध्याकाळपर्यंत पाण्यात शाई सांडावी तसा उजवा डोळा भरून गेला. व्हिट्रेक्टॉमीचं, म्हणजे डोळ्याच्या आतला रक्ताळलेला जेलीसारखा भाग काढायचं ऑपरेशन झालं, आता त्या डोळ्याने माणूस ओळखतात, अक्षर वाचता येत नाही. गावात लोक म्हणतात इंजेक्शनने डोळा गेला. मला हे ऐकवत नाही.

लेझरने पडदा जळतो, हो, मुद्दामच बारीक डाग देतात, पण ते कडेच्या भागात, मधला भाग वाचवून. उपाशी राहिलेला तो कडेचा भाग शांत झाला की व्हीईजीएफ कमी होतं. 1970 च्या दशकातच अमेरिकेतल्या अभ्यासाने दाखवलं की यामुळे नजर पार जायचा धोका निम्म्याहून कमी होतो. किंमत मोजावी लागते, आईला आता अंधारात कमी दिसतं, पायरीवर हात धरावा लागतो. पण ती अजून स्वतः पोथी वाचते.

आयुष्यभर इंजेक्शनं? शुगरच्या सुजेला पहिल्या वर्षी 8-9 लागू शकतात, पण अमेरिकेतल्याच एका मोठ्या ट्रायलमध्ये पाचव्या वर्षी निम्म्याहून जास्त लोकांना एकही लागलं नाही. वयामुळे मॅक्युला खराब होतो त्यात मात्र जास्त काळ लागू शकतात. खर्च झेपत नसेल तर गप्प बसून बंद करू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. 2015 साली या औषधांची एकमेकांशी तुलना करणाऱ्या अभ्यासात असं दिसलं की नजर थोडीच कमी झाली असेल तर स्वस्तातलं बेव्हॅसिझुमॅब आणि महागडी औषधं जवळपास सारखीच चालली, नजर जास्त गेली असेल तर पहिल्या वर्षी महागडं अ‍ॅफ्लिबरसेप्ट सरस होतं. म्हणजे लवकर गेलात तर पैसेही वाचतात.

गाजरात अ जीवनसत्त्व मिळतं, त्याच्या कमतरतेने रातांधळेपणा येतो, तो त्याने भरून निघतो, झिरपणारी वाहिनी त्याने बुजत नाही. आणि डोळे धुवायचं पाणी पडद्यापर्यंत पोचतच नाही, उलट इंजेक्शननंतर घरी उकळलेलं काहीही डोळ्यात घालणं म्हणजे इन्फेक्शनला बोलावणं.

काकांच्या डाव्या डोळ्याची पुढची तारीख मंगळवारी आहे. बाहुली मोठी करायच्या ड्रॉपनंतर 4-5 तास अंधुक दिसतं आणि ऊन सहन होत नाही, म्हणून स्कूटर घरी राहील, मी घेऊन जाणारे, सोबत गॉगल, जुनी फाईल, शुगर-बीपीचे रिपोर्ट आणि डबा, कारण ओपीडीत दुपार होतेच.