गोऱ्या व्हिलनला माफी, काळ्या हिरोईनला शिव्या

परत तेच! गोऱ्या व्हिलनने अख्खं शहर जाळलं तरी फॅन्सचं सुरूच, बिचारा, बालपण किती वाईट गेलं त्याचं, कुणी समजूनच घेतलं नाही त्याला. आणि त्याच गोष्टीतली काळी मुलगी एकदा आवाज चढवून बोलली की झालं, ती उद्धट, ती डोक्यात जाते, तिला काढून टाका.

'हंगर गेम्स'चं पुस्तक २००८ चं. त्यातली रू नावाची लहान मुलगी गडद तपकिरी त्वचेची आहे असं सरळ लिहिलंय, तरी २०१२ ला पिक्चर आला तेव्हा लोक ट्विटरवर चिडले की रू काळी कशी काय, आता तिच्या मरण्याचं तेवढं वाईट वाटलं नाही म्हणे. अरे एक लहान मुलगी मेली ना तिथे! पुस्तक वाचताना रडलात, मग चेहरा दिसल्यावर रडू कुठे गेलं?

आणि केली मेरी ट्रॅन, व्हिएतनामी वंशाची अमेरिकन अभिनेत्री. 'स्टार वॉर्स'मध्ये रोझचं काम केलं म्हणून तिला इतका वंशद्वेषी त्रास दिला की २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरच्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. रोल कमकुवत लिहिलाय म्हणायचं होतं तर लेखकाला बोला ना, तिच्या दिसण्यावर कशाला जाता?

फॅनआर्टमध्ये, म्हणजे फॅन्स स्वतः काढतात त्या पात्रांच्या चित्रांत तर काळ्या पात्राचा रंग दोन शेड उजळ, नाक बारीक, आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, 'लायटिंग आहे ते.' शेजारचं गोरं पात्र मात्र त्याच लायटिंगमध्ये जसंच्या तसं!