लाल शैवाल खोल समुद्रातच? हा तक्ता आता बदला

‘वर हिरवी, मध्ये तपकिरी, तळाशी लाल’ हा शैवालांचा तक्ता परीक्षेच्या नोट्समधून वर्षानुवर्षं फिरतोय. त्याच्यासोबत तीन विधानंही ठरलेली: लाल शैवालं खोल पाण्यातच वाढतात, त्यांचा रंग खोलीवर ठरतो आणि उघड्या उन्हात ती मरतात. मुलं हे पाठ करतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण तिन्ही विधानं चुकीची आहेत.

खोलीचा विक्रम लाल शैवालाचाच आहे, हे मान्य. १९८४ साली बहामा बेटांजवळ, पाण्याखालच्या एका डोंगरावर ते २६८ मीटर खोलीवर सापडलं. पण त्याच डोंगरावर हिरवी शैवालंही दीडशे मीटरच्या आसपास होती. आणि पोरफायरा हे लाल शैवाल तर भरती-ओहोटीच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला राहतं. त्याची एक जात, पोरफायरा व्हिएतनामेन्सिस, पावसाळ्यात कोकणातल्या लाटा झेलणाऱ्या खडकांवर उगवते. सुशी या जपानी पदार्थावर गुंडाळतात ती नोरी याच कुळातली.

रंग खोलीवर ठरतो, ही जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान यांची १८८३ची कल्पना. फायकोएरिथ्रिन हे लाल रंगद्रव्य हिरवा-निळा प्रकाश शोषतं, इथवर बरोबर. पण ते किती तयार होणार, हे प्रकाशाची तीव्रता आणि पाण्यातला नायट्रोजन यांवरही अवलंबून असतं. म्हणून एकच जात कपारीत गर्द किरमिजी, तर भर उन्हात पिवळट-हिरवी दिसते. नुसत्या रंगावरून गट ओळखायला गेलात तर फसाल.

उन्हाचं विधान सर्वांत चुकीचं. ओहोटीला पोरफायराचं पातं खडकाला चिकटून काळपट, कडकडीत होतं. ते जेमतेम एक-दोन पेशींच्या थराचं असतं, आणि त्यातलं ९० टक्के पाणी उडालं तरी भरती येताच मऊ होऊन पुन्हा प्रकाशसंश्लेषण करू लागतं. अतिनील किरण शोषणारी संयुगं ते स्वतःच बनवतं. पाण्याचा खारटपणा बदलला, की फ्लोरिडोसाइडसारख्या छोट्या रेणूंचं प्रमाण कमी-जास्त करून पेशी आतला दाब सांभाळतात.

हंगाम संपला की पातं नाहीसं होतं, तेही मरण नव्हे. १९४९ मध्ये ब्रिटिश शैवालतज्ज्ञ कॅथलीन ड्रू यांनी दाखवलं, की पोरफायराचा दुसरा अवतार शिंपल्यांच्या कवचात सूक्ष्म धाग्यांच्या रूपात जगतो. तोवर हे धागे वेगळीच जात समजले जात. जपानमधली आजची नोरीशेती याच शोधावर उभी आहे.